शाखा निवडा, पण खाते ओळखून!

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आले की आमच्या कचेरीत पक्षकारांपेक्षा पालकच अधिक येतात. हातात गुणपत्रिका, प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखले आणि तोंडी एकच प्रश्न, ‘वकीलसाहेब, पोराला कशाला घालू?’ असेच एक समाजबांधव आले. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अठरा वर्षे फेटलिंगला आहेत, तेही ठेकेदाराकडे. धाकट्याला दहावीला ७४ टक्के पडलेले. आम्ही विचारले, ‘तुमच्या मनात काय आहे?’ ते म्हणाले, ‘कॉम्प्युटर म्हणत होतो. पण भ्या वाटतंय. थोरल्याचं ठाऊक आहे की तुम्हाला.’

थोरल्याचे आम्हाला ठाऊक होते. एका खासगी महाविद्यालयाच्या एजंटाने घरी येऊन सांगितले, ‘शिष्यवृत्तीवर सगळं फुकट, फक्त सही करा.’ बापाने सही केली. पोरगा कॉम्प्युटरला गेला. वर्षाच्या शेवटी शिष्यवृत्तीची रक्कम पोराच्या खात्यावर जमा झाली. ती महाविद्यालयाची फी आहे, घरखर्चाची नाही, हे कोणी सांगितलेच नव्हते. घरात आजारपण होते, पैसे दवाखान्यात गेले. महाविद्यालयाने फीचा तगादा लावला, परीक्षेचा अर्ज अडवला, मूळ दाखले ठेवून घेतले. दोन वर्षे संपायच्या आत पोरगा घरी बसला. आज तो बापाच्या शेजारी उभा राहून ग्राइंडर चालवतो. बाप-लेक एकाच खात्यात, एकाच ठेकेदाराकडे.

ही एका घराची गोष्ट असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. पण सांगली फाट्यावर उभे राहून पाळी सुटताना पाहा. आपल्या वस्त्यांतली पोरे कोणत्या खात्यातून बाहेर पडतात, ते कपड्यांवरच्या काळ्या धुळीवरून कळते. फौंड्री म्हणजे एकच काम नव्हे. तिथे पॅटर्न शॉप आहे, वाळूची प्रयोगशाळा आहे, कोअर शॉप आणि मोल्डिंग आहे, भट्टी आहे. ओतलेल्या धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती, हे स्पेक्ट्रोमीटरवर तपासणारा माणूस आहे. संगणकावर साच्याचे डिझाइन करणारा आहे, सीएनसी आणि व्हीएमसीचा प्रोग्रॅम लिहिणारा आहे. आणि सगळ्यात शेवटी फेटलिंग आहे, जिथे ओतीव भागावरचा जादा धातू घासून काढायचा आणि सिलिकाची धूळ छातीत भरून घ्यायची. ही धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. याच खात्यात ठेकेदारी सर्वाधिक दिसते. कायम माणूस तिथे फार दिवस थांबत नाही. आपली पोरे आणि बिहार-ओडिशातून आलेले स्थलांतरित मजूर तिथे थांबतात, कारण त्यांच्यापुढे दुसरे दार उघडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ‘कोणती शाखा घेऊ?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘ही शाखा शिकून मी कारखान्याच्या कोणत्या खात्यात बसणार?’ हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, हे कारण. आणि गिरणीत चांगली मजुरी होती ती नेमकी विणकामात! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उभा केला. कामगारांची एकजूट हवी असेल तर आधी कामगारांनीच लावलेली ही बंदी उठवा, असा त्यांचा रोख होता. गिरणीत घेणे म्हणजे समान वागणूक नव्हे, कोणत्या खात्यात घेतले ते पाहावे लागते, हा धडा तेव्हाच शिकायचा होता. आज शिरोलीत कोणी विटाळाचे नाव काढत नाही. आज ‘सर्टिफिकेट आहे का?’ एवढेच विचारतात. सर्टिफिकेट का नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

दुसरा धडा १९४२ चा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यानंतर बाबासाहेबांनी त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की, केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी या समाजाचे फारसे भले होणार नाही. त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्यासाठी त्यांनी देशातल्या आणि परदेशातल्या शिक्षणाकरिता शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, अशीही मागणी केली. हे कोण सांगत होते? कोलंबियाचा अर्थशास्त्रज्ञ आणि ग्रेज इनचा बॅरिस्टर! आपल्या स्वतःच्या पदव्यांचा मोह न ठेवता त्यांनी समाजाला कारखान्याचे दार दाखवले. आज ज्या भारत सरकार शिष्यवृत्तीवर आपली मुले शिकतात, ती १९४४ पासूनची योजना याच प्रयत्नांतून उभी राहिली. आम्ही ‘मोक्याच्या जागा काबीज करा’ असे म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे फक्त कलेक्टरची खुर्ची असते. फौंड्रीतली प्रयोगशाळा हीसुद्धा मोक्याचीच जागा आहे, हे आम्ही विसरलो.

आणि हे विसरणारे आम्ही कोण? करवीरचे! इथे शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग काढून अस्पृश्य मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय केली, कारण पोटाला नसेल तर फीमाफीचा उपयोग नाही, हे त्यांना कळत होते. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावात परिषद झाली. तिथे महाराजांनी बाबासाहेबांकडे बोट दाखवून ‘हा तुमचा पुढारी’ अशा अर्थाचे उद्गार काढले. ते माणगाव आणि आजची शिरोली, दोन्ही हातकणंगले तालुक्यातच आहेत. परिषदेचा स्मृतिदिन आम्ही थाटात करतो. त्याच तालुक्यात आपली पोरे कोणत्या खात्यात राबतात, याची नोंदवही मात्र कोणत्याही विहारात नाही.

आता शाखेकडे येऊ. आपल्या समाजात शाखा निवडली जात नाही, लाट येते आणि सगळे तिच्यावर बसतात. २००० नंतरच्या दशकात डी.एड.ची लाट होती. गल्लीबोळात अध्यापक विद्यालये निघाली, शेती विकून, दागिने गहाण ठेवून डोनेशने भरली गेली. २ मे २०१२ रोजी राज्याने शिक्षकभरती थांबवली आणि हजारो डी.एड.धारक रस्त्यावर आले. पुढे टीईटी आली, अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आले, पण वय कोणासाठी थांबत नाही. त्यानंतर स्पर्धा परीक्षेची लाट आली. पुण्यात खोली घेऊन सहा-सात वर्षे अभ्यास करणारी आपली मुले आम्ही पाहतो. काही अधिकारी झाली, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण उरलेल्यांच्या हातात तिशीनंतर कोणतेच हत्यार नसते. खाऊजा धोरणाने सरकारी नोकरीच आक्रसली. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने तर बाह्य यंत्रणांमार्फत सरकारी पदे भरण्याचा घाट घातला गेला. ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला. निर्णय मागे गेला, वृत्ती गेली असे समजू नका.

आजची लाट कॉम्प्युटर आणि एआयची आहे. ही शाखा वाईट नाही. हुशार मुलाने चांगल्या महाविद्यालयात जरूर घ्यावी. पण टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, हेही पालकांना माहीत असावे. मोठ्या शहरातली मुले ओळखीवर आणि इंग्रजीवर तरून जातात. नावालाच प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयातून कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या आपल्या मुलाला कोण तारणार? उलट ज्या यंत्र, विद्युत, धातू अशा शाखांकडे लोक पाठ फिरवतात, त्यांचे काम इथे घराजवळच शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आहे.

तिथेही डोळे उघडे हवेत. कोल्हापूरचा ओतकाम धंदा शेतीच्या ऑइल इंजिनांवर वाढला, मग मोटारींवर फोफावला. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिन नसते, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेडही नसते. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह, अवजड यंत्रे यांचे ओतकाम राहील, पण फक्त एका भागाचे एक काम येणारा माणूस आधी बाहेर पडेल. म्हणून शिडी असलेले शिक्षण घ्या. दहावीनंतर आयटीआयचा फिटर, टर्नर, मशिनिस्ट असा दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढे तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. तीन वर्षांची पदविका केली तर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. या शिडीचा गुण असा की, मधल्या कोणत्याही पायरीवर घरची अडचण आली तरी हातात विकता येईल असे कौशल्य राहते. थोरल्याच्या हातात असे काहीच नव्हते. तो अर्धा इंजिनिअर आणि पुरा हमाल झाला.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीतही मधे बाहेर पडण्याची सोय केली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीनला पदवी, चारला ऑनर्स. ऐकायला गोड आहे. पण पहिल्या-दुसऱ्या दारातून बाहेर कोण पडणार? ज्याच्या बापाची पाळी चुकली की चूल चुकते, तोच! बी.ए.च्या एका वर्षाच्या प्रमाणपत्राला शिरोलीत कोण विचारतो? आयटीआयच्या प्रमाणपत्राला मात्र विचारतो. हा फरक समजून घ्या.

आता कायद्याकडे येतो, कारण तो आमचा धंदा आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. नोकरीत नाही, हे खरे. पण शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ उघडून पाहा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३-अ आले. प्रत्येक निर्देशित व्यवसायात मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखल्या पाहिजेत, राज्यातली त्यांची लोकसंख्या लक्षात घेऊन, असे ते कलम सांगते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. हा कायदा खासगी कारखान्यालाही लागू आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ठेकेदाराची माणसे धरून एकूण संख्येच्या अडीच ते १५ टक्के, असे ते प्रमाण आहे. म्हणजे ज्या ठेका मजुरांना कारखाना आपले म्हणत नाही, ते इथे मोजले जातात!

यात पळवाटाही आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. ३० पेक्षा कमी माणसांच्या कारखान्यांवर सक्ती नाही आणि शिरोलीत लहान कारखाने पुष्कळ आहेत. २०१४ च्या दुरुस्तीने ‘ऐच्छिक’ व्यवसाय आणले. मालक स्वतःच अभ्यासक्रम ठरवतो आणि कलम ३-अ चे शब्द तर ‘निर्देशित’ व्यवसायांपुरतेच आहेत. जागा न भरल्याचा दंडही याच दुरुस्तीने पहिले तीन महिने दरमहा दरजागी ५०० रुपये, पुढे १,००० रुपये एवढाच ठेवला. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार ठरत नाही आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याची सक्ती नाही. इतके सगळे असूनही आम्ही म्हणतो, हे दार ठोठावा. कारण उमेदवारी पूर्ण करून अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा फेटलिंगला जात नाही, तो मशीनवर जातो. कारखान्याला माहिती अधिकार लागू नसेल, पण उमेदवारीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला लागू आहे. कोणत्या आस्थापनेत किती जागा, किती भरल्या, त्यात अनुसूचित जातीचे किती, हा अर्ज करायला एका कार्यकर्त्याला अर्धा तास लागतो. आपल्यापैकी किती जणांनी तो केला?

शाखा ठरली तरी कागद आणि पैसा नसेल तर प्रवेश टिकत नाही. थोरल्याच्या प्रकरणातून चार गोष्टी शिकाव्यात. एक, शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१ पासूनच्या पद्धतीत थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यातली फीची रक्कम महाविद्यालयाची आहे, ती त्याच आठवड्यात भरा आणि पावती जपा. दोन, अडीच लाखांवर उत्पन्न गेले म्हणून हताश होऊ नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप वेगळी आहे. मात्र तुम्ही निवडलेल्या संस्थेला आणि अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. एजंटाच्या तोंडी शब्दावर सही करू नका. तीन, मूळ दाखले अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्येच तसे बजावले आहे. दाखले अडवले तर लेखी तक्रार करा, भांडण तोंडी ठेवू नका. चार, पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, गावनमुन्यातली नोंद निकालानंतर धावपळीत सापडत नाही. अकरावीतच कामाला लागा. १९९० च्या दुरुस्तीने आम्हा बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या कामाला दाखल्यावर मूळ जातीची नोंद लागते, हेही ध्यानात ठेवा.

मग कला आणि कायदा घेऊच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. समाजाला इतिहासकार हवेत, अर्थतज्ज्ञ हवेत, वकीलही हवेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. आदल्या दिवशी त्याचे उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. सहा जिल्ह्यांचे काम इथे आले, नव्या वकिलांना वाव आहे. पण २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली. ही तीन वर्षे ज्युनिअरने खायचे काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात २०,०००, ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली, पण ती शिफारसच. म्हणून कायद्याला येणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो, या, पण कामगार कायदा नीट शिका. शिरोलीच्या ठेका मजुराला त्याची भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी वाचून दाखवणारा वकील हवा आहे. तसेच बी.एस्सी. करणाऱ्याने रसायनशास्त्र घेतले तर फौंड्रीची आणि साखर कारखान्याची प्रयोगशाळा त्याची आहे. वाणिज्य घेणाऱ्याने जीएसटी आणि कॉस्टिंग पक्के केले तर प्रत्येक कारखान्याला त्याची गरज आहे. आणि मुलींना ‘लग्न होईपर्यंत बी.ए. करू दे’ म्हणणाऱ्या बापांना सावित्रीमाईचे नाव घेण्याचा अधिकार नाही. डिझाइन, तपासणी, प्रोग्रॅमिंग, यातले कोणते काम मुलीला जमत नाही, ते सांगा!

शेवटी दोन शब्द आपल्यातल्या स्थिरावलेल्यांना. आम्ही बँकेत, महसुलात, शाळेत, कोर्टात पोचलो ते शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहाच्या भाकरीवर. आपल्या मुलांना शाखा निवडून द्यायला आमच्याकडे अनुभव आहे, पैसा आहे. वस्तीतल्या पोराकडे एजंट आहे. प्रत्येक विहारात निकालानंतरचे पंधरा दिवस एक टेबल मांडा. त्यावर एक तंत्रनिकेतनाचा शिक्षक, एक कारखान्यातला कुशल कामगार आणि एक दाखल्यांची माहिती असलेला कार्यकर्ता बसवा. याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. ‘शिका’ हा आदेश आम्ही पाठ केला. काय शिका, हे सांगण्याची जबाबदारी मात्र झटकली.

त्या बांधवाच्या धाकट्याशी आम्ही तासभर बोललो. त्याला मशीन उघडून बघायला आवडते, गणित बरे आहे. शासकीय तंत्रनिकेतनाला यंत्र अभियांत्रिकीसाठी पहिली पसंती भरली, त्याखाली आयटीआय मशिनिस्ट. वसतिगृहाचा अर्ज केला आणि जागा नाही मिळाली तर स्वाधार योजनेचे कागद तयार ठेवले. थोरल्याचे दाखले परत मागणारी नोटीसही त्याच दिवशी टपालात टाकली. ते हाती आले की तोही आयटीआयचा अर्ज भरणार आहे. निघताना बाप म्हणाला, ‘साहेब, ह्यो तरी माझ्या खात्यात यायला नको.’ शिरोलीतल्या प्रत्येक बापाचे मागणे हेच आहे.